‘माझी पुस्तक’ कुठे खटकतं? चाळिशीनंतर नव्या भाषेचं व्याकरण डोक्यात मुरवण्याची रीत

सातपूरला आमच्या शॉपफ्लोअरवर एक सहकारी आहे. मूळचा बिहारचा, नाशिकला येऊन अकरा वर्षं झाली. मराठी इतकी सफाईदार की फोनवर बोललात तर पत्ता लागणार नाही. मिसळ खाताना ‘अजून थोडी तर्री द्या’ हे तो आमच्याआधी म्हणतो. मध्यंतरी एकदा कँटीनमध्ये म्हणाला, “दही चांगला आहे आज.” आणि पाच मिनिटांनी, “माझी पुस्तक कुणी उचलली?”

कुणी हसलं नाही. अर्थ कळायलाही अडचण नव्हती. पण टेबलाभोवती बसलेल्या आम्हा चौघांच्याही कानात बारीकसा खडा लागला. तो खडा त्याच्या कानात का लागला नाही? कारण हिंदीत दही पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी. त्याच्या हिशेबाने दोन्ही वाक्यं बिनचूक होती. शब्द तेच, लिपी तीच, फक्त लिंग वेगळं.

मला त्याला नाव ठेवायचा अधिकार नाही. बेचाळिसाव्या वर्षी मी जर्मन शिकायला घेतली, तेव्हा सहा महिने ‘दास टिश’ म्हणत होतो. मराठीत टेबल नपुंसकलिंगी, म्हणून मी ‘दास’ लावायचो. जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी, ‘डेअर टिश’. चूक तीच, फक्त गाव बदललं.

हा लेख तिशी ओलांडलेल्यांसाठी आहे. कुणाला नोकरीसाठी भाषा हवी आहे, कुणाचं पोरगं परदेशी गेलंय म्हणून. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ओळखीतली नर्सिंगवाली, आयटीआयवाली मंडळी ‘जर्मनचं कसं काय करू’ म्हणून विचारत असतात. उदाहरणं मी जर्मनचीच देतो, कारण तीच मला येते. रीत जपानीला चालते, कन्नडलाही चालते.

मशीनला कळतं, माणसाला कळत नाही

दोन वाक्यं वाचा.

तिने चहात खिडकी बुडवून खाल्ली.
तिने चहात बिस्कीट बुडवून खाल्ली.

दोन्ही खटकली ना? पण खटकण्याची जात वेगळी आहे. पहिल्यात अर्थ बोंबलतो, दुसऱ्यात व्याकरण. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून मेंदूच्या विजेच्या लहरी मोजल्या, तर हा फरक कागदावर दिसतो. अर्थ बिघडला की शब्द आल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांनी एक लाट उमटते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८० साली दाखवली, तिला एन-४०० म्हणतात. व्याकरण बिघडलं की आणखी उशिरा, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास दुसरी लाट येते, ती पी-६००. १९९२ साली ली ऑस्टरहाउट आणि फिलिप होल्कम यांच्या प्रयोगात ती मिळाली. मातृभाषेत ही लाट आपोआप येते. ‘बिस्कीट नपुंसकलिंगी म्हणून खाल्लं’ हे तुम्ही मनात म्हणत नाही. तेवढा वेळच नसतो.

प्रौढपणी भाषा शिकणाऱ्यांमध्ये ही लाट येते का? येते. आणि मला या विषयाकडे ओढणारी गोष्ट इथेच आहे: कधीकधी ती माणसाच्या आधी येते. २००४ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवताना मधूनमधून टोप्या घातल्या. सरासरी जेमतेम १४ तासांच्या शिकवणीनंतर त्यांना खरे फ्रेंच शब्द आणि बनावट शब्द दाखवले. ‘हा शब्द खरा का?’ यावर त्यांची उत्तरं नाणेफेकीच्या लायकीची होती. पण मेंदूची लाट खऱ्या-खोट्यात फरक करत होती. तो प्रयोग शब्दांचा होता. २००५ साली नताशा टोकोविच आणि ब्रायन मॅकव्हिनी यांनी स्पॅनिशच्या नवशिक्यांवर व्याकरणाचा प्रयोग केला. तिथेही बरोबर-चूक सांगताना माणसं अडखळत होती, तरी काही चुकांना मेंदू दाद देत होता.

काही चुकांना, सगळ्या नव्हे. जी रचना इंग्रजीसारखीच होती तिथे मेंदू सावध होता. जी इंग्रजीत अजिबात नाही, म्हणजे नामांचं लिंग, तिथेही सावध होता. जी दोन्हीकडे आहे पण वेगळ्या पद्धतीने चालते, तिथे मात्र तो गप्प राहिला. आमच्या सहकाऱ्याचं दही आणि माझं टेबल याच तिसऱ्या खणात पडतं. पूर्ण अनोळखी गोष्टीपेक्षा अर्धी ओळखीची गोष्ट जास्त दगा देते.

वयाबद्दल घरोघरी जे बोललं जातं ते अर्धंच खरं आहे. २०१८ साली सुमारे ६.७ लाख लोकांच्या ऑनलाइन इंग्रजी चाचणीवरून जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण १७.४ वर्षांपर्यंत टिकते आणि मग घसरते. ती गोष्ट आहे मातृभाषिकाच्या तोडीला पोहोचण्याची. सुरुवातीच्या वेगाची नाही. १९७८ साली हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास झाला, त्यात पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन आणि मोठी माणसं पुढे होती, तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यांत मागे. तेव्हा ‘आता या वयात काय’ हे वाक्य सध्या माळ्यावर ठेवा.

पायरी पहिली: तीन रकान्यांची वही

क्लासचं पुस्तक उघडायच्या आधी एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: ‘आपल्यासारखं’, ‘आपल्याकडे नाही’, ‘अर्धवट जुळतं’. व्याकरणाची प्रत्येक नवी गोष्ट यातल्या एकात गेलीच पाहिजे. आणि ताडून बघायचं ते मराठीशी. इंग्रजीशी नाही.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण मी गेलो त्या क्लासात सगळं इंग्रजीतून शिकवलं जायचं आणि त्याने माझे चार महिने खाल्ले. ‘मला थंडी वाजतेय’ हे जर्मनमध्ये ‘मिर इस्ट काल्ट’. ‘मिर’ म्हणजे ‘मला’. झालं, संपलं. पण आम्ही इंग्रजीवरून आलो आणि अख्खी बॅच ‘इश बिन काल्ट’, म्हणजे ‘मी थंड आहे’ म्हणत राहिली. जर्मन माणसाला ते ‘मी भावनाशून्य आहे’ असं ऐकू जातं. ‘मला हे आवडतं’ म्हणजे ‘दास गेफेल्ट मिर’. पुन्हा ‘मला’. ज्या माणसाला जन्मापासून भूक ‘मला’ लागते, झोप ‘मला’ येते आणि आठवण ‘मला’ होते, त्याला हा नियम शिकवावाच लागत नाही, नुसता दाखवावा लागतो.

त्याहून मजा पुढे आहे. ‘कारण मी आजारी आहे’ याचं जर्मन: ‘वाइल इश क्रांक बिन’. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. शब्दाखाली शब्द ठेवा, एकही हलवावा लागत नाही. ‘की तो आज येतो’: ‘दास एअ हॉयटं कोम्ट’. तेही जसंच्या तसं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं हा जर्मनचा म्हणे अवघड नियम, इंग्रजी माणसाला घाम फोडणारा. आपल्याला तो घरचाच. पहिल्या रकान्यात टाका आणि पुढे चला.

दुसऱ्या रकान्यात आर्टिकल जातील. ‘डेअर’, ‘डी’, ‘दास’ असं काही नामाच्या पुढे लावायची आपल्याकडे पद्धत नाही. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्याच जागी येतं, तेही इथे. ‘आज मी चहा पितो’ याचं ‘हॉयटं ट्रिंकं इश टे’, म्हणजे ‘आज पितो मी चहा’. मराठीत असं कवितेत चालतं, चहाच्या टपरीवर नाही. हा रकाना दिसायला भीतीदायक, पण टोकोविचच्या प्रयोगावर विश्वास ठेवा. कोरी पाटी लवकर भरते.

खरी मेहनत तिसऱ्या रकान्यात. तीन लिंगं मराठीतही, जर्मनमध्येही, म्हणून आपण खूश होतो. आणि काही जोड्या जुळतातही: घर-हाउस, पुस्तक-बूख, पाणी-वासर ही दोन्हीकडे नपुंसकलिंगी. चहा आणि चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी. तेवढ्याने कान गाफील होतो. मग ‘ती बस’ जर्मनमध्ये पुल्लिंगी निघते, ‘ते दूध’ स्त्रीलिंगी, ‘तो सूर्य’ स्त्रीलिंगी, खुर्ची आणि किल्ली पुल्लिंगी. विभक्तीचंही तेच. आपण शेपूट बदलतो: टेबल, टेबलावर, टेबलाला. जर्मन डोकं बदलतो: डेअर टिश, डेन टिश, डेम टिश. शिवाय ग्लास टेबलावर ठेवला की ‘डेन’ आणि ग्लास टेबलावर आहे की ‘डेम’. आपल्याला दोन्हीकडे ‘टेबलावर’च, म्हणून हा फरक आपल्या कानाला दिसतच नाही.

तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक ओळ लाल पेनाने लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या मुख्यतः या लाल ओळींसाठी आहेत.

पायरी दुसरी: तक्ता मिटा, वीस वाक्यं काढा

आर्टिकलचा सोळा चौकोनांचा तक्ता मला आजही झोपेत म्हणता येतो. रामरक्षेसारखा. क्लासच्या लेखी परीक्षेत मला वीसपैकी अठरा मिळाले, आणि त्याच आठवड्यात कंपनीत आलेल्या जर्मन इंजिनियरला ‘ड्रॉइंग टेबलावर आहे’ हे एक वाक्य सांगताना मी तोंडातल्या तोंडात तक्ता म्हणत उभा राहिलो. त्या भल्या माणसाने वाट बघितली. मग स्वतःच टेबलाकडे गेला.

तक्ता पाठ असणं आणि चूक कानाला खटकणं, ही दोन वेगळी खाती आहेत. मायकेल उलमन या संशोधकाची मांडणी अशी, की पाठ केलेली माहिती सांभाळणारी स्मृती वेगळी आणि सायकल चालवण्यासारखं हाताला बसलेलं कौशल्य सांभाळणारी वेगळी. मोठेपणी आपण व्याकरण आधी पहिल्या खात्यात भरतो. सरावाने ते दुसऱ्यात सरकू शकतं. तक्ता पुन्हा म्हटल्याने ते सरकत नाही.

म्हणून एक लाल ओळ घ्या आणि तिची वीस वाक्यं बनवा किंवा गोळा करा. दोन अटी. वाक्यातले बाकी सगळे शब्द तुम्हाला आधीच येत असले पाहिजेत, नाहीतर मेंदू अर्थ शोधण्यात गुंततो आणि व्याकरण निसटतं. आणि वाक्यं तुमच्या रोजच्या जगातली हवीत. माझ्या वहीत ‘बस द्वारकेला अडकली’, ‘बस सीबीएसवरून सुटते’, ‘मी बसमध्ये बसलोय’ अशी वीस वाक्यं होती, सगळ्यांत ‘बुस’ आणि त्याच्यापुढे बदलणारं आर्टिकल. ती शिक्षकांकडून तपासून घेतली. तपासून घेणं टाळू नका. चुकीचं वाक्य वीसदा घोटलंत तर तेही तितकंच पक्कं होतं.

मग ती फोनवर रेकॉर्ड करा. शिक्षकांच्या आवाजात मिळाली तर उत्तम. नाशिकरोडहून सातपूरपर्यंतच्या सिटीलिंक बसच्या प्रवासात तीनदा ऐकून होतात, शिवाय उभं राहूनही ऐकता येतात. ऐकताना नियम आठवायचा नाही. बस कुठे अडकली ते डोळ्यांपुढे आणायचं.

पायरी तिसरी: खटक्याची परीक्षा

हा माझा सगळ्यांत आवडता भाग, आणि कुठल्याही क्लासात मी तो पाहिला नाही.

तीन-चार दिवस ऐकून झालं, की त्या वीसपैकी दहा वाक्यं एका कागदावर घ्या आणि त्यातल्या पाचांत मुद्दाम एक चूक घाला. घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. माझ्याकडे हे काम तेव्हा नववीतल्या लेकीकडे होतं. जर्मन उच्चार तिला येत नव्हते, म्हणून देवनागरीत लिहून दिले. तिने एकेक वाक्य वाचायचं आणि मी दोन सेकंदांत हात वर करायचा किंवा नाही करायचा. कारण सांगायचं नाही. दोन सेकंद झाले की पुढचं वाक्य.

पहिल्या आठवड्यात माझे दहापैकी पाच बरोबर. म्हणजे शून्यच. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसते अंदाज मारताय.” मी म्हटलं, मारू दे. दुसऱ्या आठवड्यात सहा. चौथ्या आठवड्यात ‘दास टिश’ आलं आणि माझा हात वर गेला. का, ते मला सांगता येईना. लेकीने विचारलं, “काय चुकलं?” मी वेड्यासारखा म्हणालो, “काहीतरी चावलं.” तक्ता मनात आणून ताळा केला, तेव्हा कळलं की हात वर गेला ते बरोबर होतं. बेचाळीस वर्षांच्या डोक्यात परक्या भाषेचा पहिला खडा लागला होता, आणि तो मराठीच्या विरुद्ध जाऊन लागला होता.

या परीक्षेचे तीन नियम पाळा. कारण देण्यावर बंदी, कारण कारण शोधायला गेलात की पाठांतराचं खातं उघडतं. निकाल रोज बघायचा नाही, आठवड्याने बघायचा. आणि चुकीचं वाक्य आलं की शेवटी वाचणाऱ्याने बरोबर रूप म्हणायचंच, म्हणजे कानात उरतं ते शुद्ध.

पाच-सहावर अडकलात तर घाबरू नका, ते सिएटलचे विद्यार्थी आठवा. फ्रेंच शिकणाऱ्यांवरच्या पुढच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीला काही जणांचा मेंदू व्याकरणाच्या चुकीवरही एन-४०० देतो, म्हणजे ‘हा शब्द इथे अनोळखी आहे’ इतकंच म्हणतो. काही महिन्यांच्या शिकण्यानंतर त्याच चुकीवर पी-६०० येऊ लागते. आधी जोड्या लक्षात राहतात, मग त्यांतून नियम गाळून निघतो.

नियम वाचायचा की नाही?

वाचायचा. ‘मुलांसारखं नुसतं ऐकत राहा, व्याकरण नकोच’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मुलाला दिवसाचे दहा-बारा तास भाषा कानावर पडते आणि त्याला ईएमआय भरायचा नसतो. जॉन नॉरिस आणि लूर्डेस ऑर्टेगा यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नियम उघड सांगून शिकवण्याचा फायदा जास्त दिसला. मात्र त्या चाचण्यांचा कलच बऱ्याचदा पाठ नियम विचारण्याकडे होता, हेही खरं.

उलट बाजूचा पुरावा २०१२ सालचा. कारा मॉर्गन-शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना ‘ब्रोकांटो-२’ नावाची बनावट छोटी भाषा शिकवली, पटावरच्या सोंगट्या हलवण्याच्या खेळातून. एका गटाला नियम समजावून सांगितले, दुसऱ्याला नुसती वाक्यं दिली. शेवटी दोघांची कामगिरी जवळपास सारखी. पण मातृभाषिकासारख्या लहरी उमटल्या त्या वाक्यं ऐकत शिकलेल्या गटात. तीन ते सहा महिने ती भाषा कानावरही न पडू देता पुन्हा तपासलं, तर कामगिरी टिकून होती आणि लहरी मातृभाषेच्या आणखी जवळ सरकल्या होत्या, त्यातही ऐकत शिकलेल्यांच्या जास्त.

मी दोन्हींचा मेळ असा घालतो: आधी दोन दिवस नुसती वाक्यं, तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं नियम, मग परत वाक्यं. नियम म्हणजे मुक्काम नाही, रस्त्यावरची पाटी.

वेळापत्रक

रोज पस्तीस मिनिटं, रविवारी तीन तास नाही. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं, की तेवढाच सराव दिवसांवर पसरला तर जास्त टिकतो. सकाळी वीस मिनिटं नवी वाक्यं, प्रवासात ऐकणं, झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं उजळणी. एक संच आज, उद्या, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने. तारखा वहीच्या समासात लिहून ठेवा. उजळणी म्हणजे वाचून काढणं नव्हे. मराठी वाक्य बघून जर्मन मोठ्याने म्हणायचं, मग कागद उलटायचा.

आठवड्याला एकच लाल ओळ. दोन घेतल्या की दोन्ही अर्ध्या राहतात, हा मी खात्रीने सांगतो असा अनुभव आहे. जर्मन शिकवणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ए-१ या पहिल्या पातळीसाठीच ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका धरते, तेव्हा ‘तीन महिन्यांत अस्खलित’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

बोलताना

इथे थोडक्यात. जो तुमचं वाक्य मध्येच न तोडता बरोबर करून परत म्हणेल, असा माणूस शोधा. तुम्ही ‘दास टिश इस्ट नॉय’ म्हणालात, तर त्याने ‘हो, डेअर टिश इस्ट नॉय’ म्हणावं आणि पुढे जावं. तुम्ही ते परत म्हणावं. दर वाक्याला व्याख्यान देणारा भिडू नको, आणि ‘चालतं हो, कळलं’ म्हणणारा त्याहून नको.

दुसरीच अडचण आमच्या सहकाऱ्याची होती. अकरा वर्षं सगळे त्याला ‘कळलं’ म्हणत आले. नाशिककर माणूस समोरच्याला अवघडायला लावत नाही, उलट स्वतःच हिंदीत शिरतो. परिणाम असा, की त्याच्या मेंदूला चुकीची खबर कधी पोहोचलीच नाही. कँटीनमधल्या त्या दिवसानंतर मी त्याला ही सगळी रीत सांगितली. त्याने सरळ परवानगी दिली: “भाऊ, टोका मला.” मग आम्ही चौघं फक्त दह्यावर लक्ष ठेवून राहिलो. तो ‘दही चांगला’ म्हणाला की आम्ही ‘हो, चांगलं आहे दही’ म्हणायचो. दीड महिन्यात दही सुधारलं, ‘आंबट झालं’ आता तो न अडखळता म्हणतो.

पुस्तक अजून स्त्रीलिंगीच आहे. कँटीनमध्ये दही रोज येतं, पुस्तक महिन्यातून एकदा. जी चूक आपोआप समोर येत नाही तिची वाक्यं मुद्दाम रचावी लागतात. ‘मशीनचं पुस्तक कपाटात आहे’, ‘हे पुस्तक कुणाचं?’, ‘पुस्तक फाटलं’ अशी वीस त्याला सोमवारी लिहून दिली आहेत. वाचून दाखवायचं काम त्याच्या मुलीकडे, ती इथल्याच मराठी शाळेत सहावीत शिकते.